दोन उतारे : सीमाभागातल्या एका नेत्याची शेती-अनुदानावरची भूमिका कशी बदलली

पार्श्वभूमी

हे प्रकरण बेळगाव जिल्ह्यातल्या निपाणी-चिक्कोडी पट्ट्यातलं आहे. माणसांची आणि गावांची ओळख पटू नये म्हणून नावं गाळली आहेत आणि काही तपशील बदलले आहेत. मी कृषी पदवीधर, रोपवाटिका चालवतो. ज्या नेत्याबद्दल हे आहे त्यांना सगळा गाव दादा म्हणतो, मीही म्हणतो. त्यांची भाषणाची टिपणं मी लिहितो. म्हणजे हे तटस्थ माणसाचं लिखाण नाही, ते आधीच सांगतो.

दादा पंचेचाळिशीचे. गावच्या पीकेपीएसचे संचालक. आमच्याकडची पीकेपीएस म्हणजे पलीकडे महाराष्ट्रात, कागलात जिला विकास सोसायटी म्हणतात ती. घरचा सात एकर ऊस, नदीवर मोटर. कर्नाटकातल्या जिल्हा आणि तालुका पंचायतींच्या निवडणुका २०२१ पासून लांबत आल्या होत्या. त्या केव्हाही लागतील म्हणून २०२५ च्या पावसाळ्यानंतर दादांनी गटात, म्हणजे जिल्हा पंचायतीच्या मतदारसंघात, फिरायला सुरुवात केली.

गटाचे दोन भाग पडतात. वेदगंगा-दूधगंगेच्या काठची गावं उसाची. वर माळावरची गावं तंबाखू, सोयाबीन, ज्वारी आणि भुईमुगाची. काठावर मोटरी आहेत, माळावर आभाळ. बहुतेक गावं मराठी बोलणारी, दोन गावं कन्नड बोलणारी, आणि बाजाराच्या दिवशी सगळ्यांना दोन्ही भाषा येतात.

दादांच्या घरची एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. १९८१ च्या तंबाखू आंदोलनात त्यांचे चुलते पुणे-बंगळूर महामार्गावर बसले होते. निपाणीचा तंबाखू विडीचा. व्यापारी सांगेल तो भाव, आणि तोही महिनोन्‌महिने उधार. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने हजारो शेतकरी रस्त्यावर बसवले. ६ एप्रिल १९८१ ला पोलिसांनी गोळीबार केला आणि १२ शेतकरी मारले गेले. चुलते वाचले, पण त्या दिवसाबद्दल ते फार बोलत नसत. त्यांनी पुतण्याला एकच गोष्ट दिली, 'भीक नको, हवे घामाचे दाम' ही घोषणा.

या घोषणेमागे एक पूर्ण विचार होता. निर्यातबंदी, लेव्ही (सरकारची सक्तीची खरेदी), जिल्हाबंदी लावून सरकार शेतमालाचे भाव पाडतं आणि मग त्यातलेच चार पैसे खताच्या, विजेच्या अनुदानातून परत देतं, असं जोशींचं म्हणणं. याला ते उणे सबसिडी म्हणत. जागतिक व्यापार कराराच्या हिशेबात १९८६-८८ च्या पायाभूत वर्षांसाठी भारताचा पिकांना दिलेला आधार खरोखरच उणे निघाला होता, त्यामुळे हे नुसतं भाषण नव्हतं. म्हणून जोशींनी डंकेल प्रस्तावाला, म्हणजे त्या कराराच्या मसुद्याला, पाठिंबा दिला. त्याच काळात कर्नाटक राज्य रयत संघाचे प्रा. एम. डी. नंजुंडस्वामी त्या प्रस्तावाविरुद्ध बंगळुरात मोर्चे काढत होते. आमचा भाग या दोन विचारांच्या मधल्या बांधावर आहे. दादांच्या एका कानात जोशी होते आणि दुसऱ्या कानात रयत संघाचा हिरवा टॉवेल घातलेले शेजारी.

दोन चित्रफिती

नोव्हेंबर २०२५ मध्ये मुडलगी तालुक्यातल्या गुर्लापूर क्रॉसवर ऊस उत्पादकांचं आंदोलन पेटलं. मागणी टनाला ३,५०० रुपयांची होती. शेवटी मुख्यमंत्री सिद्धरामय्यांनी ३,३०० रुपये जाहीर केले. त्यात कारखान्यांनी ५० आणि सरकारने ५० रुपये घालायचे ठरले. आमच्या गटातली पोरंही तिथे जाऊन बसली होती. वातावरण तापलं होतं, आणि दादा त्या आठवड्यात रोज दोन-तीन सभा घेत होते.

काठावरच्या एका सभेत ते म्हणाले, "ठिबकाला, ट्रॅक्टरला, खताला, सगळ्याला अनुदान दुप्पट झालं पाहिजे. पलीकडच्या पाहुण्याला वर्षाला १२ हजार मिळतात, आम्हाला सहाच का?" मुद्दा खरा होता. पीएम-किसानचे ६,००० रुपये दोन्हीकडे आहेत. महाराष्ट्र त्यावर नमो शेतकरी योजनेतून आणखी ६,००० घालतो. कर्नाटकाने २०१९ मध्ये जोडलेले ४,००० रुपये २०२३ नंतर बंद झाले. ज्याची बहीण कागलात दिली आहे त्याला हा फरक दर दिवाळीला कळतो.

दुसऱ्या दिवशी माळावरच्या सभेत तंबाखूवाल्यांसमोर त्यांच्या तोंडून चुलत्यांची घोषणा निघाली. "अनुदान म्हणजे भीक. आपल्याला भीक नको, भाव पाहिजे." टाळ्या पडल्या.

दोन्ही सभांच्या चित्रफिती एकाच व्हॉट्सॲप ग्रुपवर एकाखाली एक येऊन पडल्या. खाली कुणीतरी एवढंच लिहिलं होतं, "दादा, यातलं खरं कुठलं?"

विरोधकाने हे केलं असतं तर उत्तर देणं सोपं होतं. विचारणारा आमचाच होता, सोसायटीचा सभासद. रात्री दादांचा फोन आला. म्हणाले, "एक पान लिही. माझी भूमिका काय, ते मलाच कळू दे."

कुठलं अनुदान काय मागतं

मी पहिला मसुदा लिहिला तो तत्त्वाचा होता. अनुदान बरं की भाव बरा, यावर दीड पान. तो मसुदा माळावरच्या एका घराच्या सोप्यात वाचून दाखवला. पंधरा-वीस माणसं होती, मागे भिंतीला टेकून चार बायका. त्यातल्या एका वैनींनी मध्येच विचारलं, "दादा, अनुदान वाढवा म्हणता, बंद करा म्हणता. पयलं आमच्यापत्तूर आलंय कुठं?"

सोप्यात कुणी हसलं नाही. आम्हाला थांबून ऐकावं लागलं.

वैनी दीड एकर कसतात. ती जमीन सासऱ्यांच्या नावावर. सासरे जाऊन बरीच वर्षं झाली, नवरा त्यांच्या मागून गेला. दीर इचलकरंजीत यंत्रमागावर. शिवाय दुसऱ्याचा अर्धा एकर त्या वाट्याने करतात, निम्मं पीक मालकाला. उताऱ्यावर अजून मेलेल्या सासऱ्यांचंच नाव.

त्या रात्री मी मसुदा बाजूला ठेवला आणि वहीच्या एका पानावर प्रत्येक अनुदानासमोर ते माणसाकडे काय मागतं ते लिहिलं. माझ्या दृष्टीने या प्रकरणातलं सगळ्यात उपयोगी पान तेच.

फुकट वीज मोटरीचा आर. आर. नंबर, म्हणजे वीजजोडणीचा क्रमांक मागते. कर्नाटकात १० अश्वशक्तीपर्यंतच्या पंपाला बिल नाही, महाराष्ट्रात २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंत. दादांच्या मोटरीला मिळते. वैनींना मोटरच नाही.

बिनव्याजी पीककर्ज सोसायटीचं सभासदत्व आणि उतारा मागतं. राज्याने त्याची मर्यादा तीन लाखांवरून पाच लाख केली, तेव्हा काठावर पेढे वाटले गेले. वैनी सोसायटीच्या सभासद होऊ शकल्या नाहीत, कारण नावावर जमीन नाही.

पीएम-किसान फ्रूट्सचा, म्हणजे कर्नाटकाच्या शेतकरी-नोंदणीचा क्रमांक आणि १ फेब्रुवारी २०१९ च्या आधीची मालकी मागतो. त्यानंतर नाव लागलं तर हप्ता नाही. अपवाद एकच, मालक वारल्याने वारसाच्या नावावर जमीन आली तर मिळतो. हा अपवाद आमच्या माळावर फार थोड्यांना ठाऊक होता.

पुरा-अतिवृष्टीची भरपाई, ठिबक, शेततळं, पीकविमा, सगळं त्याच उताऱ्याच्या आणि फ्रूट्सच्या दारातून जातं. कोरडवाहूला हेक्टरी ८,५०० रुपये हा तेव्हाचा आपत्ती निधीचा दर. तोही ज्याचं नाव कागदावर त्यालाच.

हमीभाव बाजारात खरेदी केंद्र मागतो. सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये, आणि व्यापारी त्याहून बराच खाली घेत होता. विडीचा तंबाखू हमीभावाच्या यादीत नाही. तंबाखू मंडळाचे लिलाव म्हैसूरकडच्या व्हर्जिनिया तंबाखूचे, आमच्या पानाचे नव्हेत. १९८१ नंतर इतकी वर्षं गेली, तरी तंबाखूवाला अजून व्यापाऱ्याच्या तोंडाकडेच पाहतो.

खताची पिशवी मात्र उतारा मागत नाही. आधार आणि अंगठा यंत्रावर ठेवला की ४५ किलोचा युरिया २६६ रुपये ५० पैशांना मिळतो, मालक असो की वाटेकरी. वैनींपर्यंत पोचणारं सरकारचं एवढं एकच अनुदान होतं. तेही दुकानदार युरियासोबत नको असलेली बाटली गळ्यात मारायचा तेव्हा अर्धं तिथेच संपायचं. गावात याला लिंकिंग म्हणतात.

आमच्याकडे 'उतारा' या एकाच शब्दाचे दोन अर्थ आहेत. काठावर उतारा म्हटलं की साखरेचा, म्हणजे उसातून किती टक्के साखर निघते तो. १०.२५ टक्के उताऱ्याला त्या हंगामाची एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला उसाचा किमान भाव, टनाला ३,५५० रुपये, त्यातून तोडणी-वाहतूक वजा. माळावर उतारा म्हटलं की जमिनीचा कागद. दादा आयुष्यभर पहिल्या उताऱ्यावर बोलत आले होते. दुसरा उतारा ही तलाठ्याची बाब, राजकारणाची नव्हे, असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो.

समोर असलेले पर्याय

दादांच्या ओसरीवर तीन रात्री बैठक झाली. सोसायटीचे दोन संचालक, एक सेवानिवृत्त तलाठीमामा, गुर्लापूरला बसून आलेली दोन पोरं, आणि मी.

पोरांचं म्हणणं, आत्ता हवा उसाची आहे. ३,५०० ची मागणी धरून ठेवायची, बाकी काही बोलायचं नाही. यात मतं होती यात शंका नाही. पण त्यात एक गाठ होती. सरकारने घातलेले ५० रुपये हे उसाच्या भावात आलेलं अनुदानच आहे. ते शेतकऱ्याला मिळतात असं दिसतं. खरं तर साखरेचा भाव, कारखान्याचा खर्च आणि उसाची किंमत यांच्यातली फट त्याने बुजते. साखरेची किमान विक्री किंमत २०१९ पासून किलोला ३१ रुपयांवर थांबलेली, आणि एफआरपी दरवर्षी वाढती. ही ओढाताण न बोलता नुसतं ३,५०० म्हणणं दादांना पटेना. वजनकाटा, साखर उतारा कसा काढला, १४ दिवसांत पैसे का नाहीत आणि उशिराचं १५ टक्के व्याज कुणी कधी पाहिलं का, हे प्रश्न त्यांना भावाइतकेच महत्त्वाचे वाटत होते.

संचालकांना अनुदान वाढवण्याची यादी हवी होती. ठिबक, पॉवर टिलर, बियाणं. प्रत्येक घराला काहीतरी. या यादीतल्या प्रत्येक ओळीच्या तळाशी 'उतारा जोडावा' हे लिहिलेलं आहे, हे वहीचं पान दाखवल्यावर ते गप्प बसले, पण यादी त्यांनी मागे घेतली नाही.

तिसरा पर्याय चुलत्यांचा. सगळी अनुदानं बंद करा, बाजार मोकळा करा, निर्यात कधी अडवू नका. मला मनातून हा विचार ओढतो, हे कबूल करतो. पण ज्या घरात खताची पिशवी हे एकमेव आलेलं अनुदान आहे, तिथे जाऊन 'ते बंद करा' म्हणायला माझी जीभ उचलत नव्हती. जोशींचं गणित पूर्ण तेव्हाच होतं जेव्हा भाव आधी मिळतो. इथे भाव आला नव्हता, आणि अनुदानही नव्हतं.

चौथा पर्याय मामांनी मांडला. "रक्कम वाढवायचं तुमच्या हातात न्हाई, बंद करायचं बी न्हाई. नावं लावायचं हातात हाय. तेवढं करा." मृत खातेदाराच्या जागी वारसांची नोंद, कन्नडमध्ये ज्याला पौती खातं म्हणतात ती, आणि कागद वाचता येईल अशा भाषेत. जिल्हा पंचायतीचा सदस्य एफआरपी ठरवू शकत नाही, युरियाची किंमत ठरवू शकत नाही. पण नाडकचेरीत, म्हणजे महसूल खात्याच्या स्थानिक कचेरीत, माणूस उभा करू शकतो.

भाषेच्या मुद्द्यावर सगळ्यात जास्त वेळ गेला. अर्ज, नोटिसा, उतारा सगळं कन्नडमध्ये. माळावरच्या पन्नाशीच्या पुढच्या बहुतेकांना कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही. दोघा कार्यकर्त्यांचं म्हणणं पडलं की हा मराठीचा हक्क आहे, त्यावरच लढा उभा करावा. मुद्दा चुकीचा नव्हता. जिथे भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांहून जास्त आहेत तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे केंद्राच्या संरक्षण-योजनेतलंच तत्त्व आहे, आणि आमच्या लोकांनी ते मागून पिढ्या गेल्या. पण दादांनी वेगळं ठरवलं. त्याचं कारण कन्नड गावात घडलं. तिथल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने मराठीतच सांगितलं, "आम्हाला कन्नड येतं, तरी ह्या कागदातलं काय कळत न्हाई. आमचं बी खातं आज्ज्याच्या नावावर हाय." सीमाप्रश्न २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, तो तिथे चालेल. वारसनोंद दोन्ही भाषांच्या घरांत अडली होती. कागदाचा सोपा नमुना दोन्ही भाषांत काढायचा, एकाच पानावर शेजारी-शेजारी, असं ठरलं. त्या निर्णयाने दादांचे दोन जुने कार्यकर्ते दुखावले. त्यांचं दुखणं मला समजतं, आणि दादांचा निर्णयही मला बरोबर वाटतो.

काय केलं

भूमिकेचं पान अखेर असं झालं. उसाचा भाव कारखान्याने द्यावा, वेळेत द्यावा, सरकारी मदत शेतीच्या इतर पैशातून काढू नये. फुकट वीज आहे ती राहू द्या, पण जेवढा पैसा मोटरीमागे जातो त्या मानाने बिनमोटरीच्या कोरडवाहू एकरालाही थेट मदत हवी. युरिया आणखी स्वस्त करा असं आम्ही म्हणणार नाही. मृत खातेदारांची नोंद आणि दोन्ही भाषांतले कागद ही आमची पहिली मागणी.

युरियाच्या कलमावर काठावरून फोन आले. दादांनी ते कलम काढलं नाही, याचा मला अभिमान आहे. २०१० मध्ये पोषणद्रव्यावर आधारित अनुदान आलं तेव्हा युरिया त्यातून बाहेर ठेवला गेला. त्यामुळे युरिया अडीचशेच्या घरात आणि डीएपीची ५० किलोची पिशवी १,३५० ला. माणूस स्वस्त ते जास्त टाकतो. काठावरच्या उसाच्या मुळाशी काय चाललं आहे ते माती तपासणीच्या कागदावर मी दरवर्षी पाहतो. पानं हिरवीगार, आणि जमीन दर हंगामाला जास्त मागणारी. दादांनी हे सभेत स्वतःच्या सात एकराचं उदाहरण देऊन सांगितलं, दुसऱ्याच्या शेतावर बोट ठेवलं नाही, म्हणून लोकांनी ऐकून घेतलं.

डिसेंबरपासून दर बुधवारी माळावरच्या शाळेत मामा बसू लागले. बुधवार यासाठी की त्या दिवशी गावात बाजार नसतो, माणसं घरी सापडतात. मृत्यूचा दाखला, वंशवृक्ष, सगळ्या वारसांचे आधार, मग नाडकचेरीत अर्ज. ऐकायला चार कागद, पण प्रत्येक कागदामागे एक घर होतं.

वैनींचंच घ्या. सासऱ्यांना दोन मुलगे, दोन मुली. वारस म्हणून वैनी, त्यांचा मुलगा, दीर आणि दोन्ही नणंदा. मुलींना वडिलोपार्जित जमिनीत हक्क आहे, केंद्राने २००५ मध्ये दिला आणि कर्नाटकाने त्याच्याही आधी. इतकी वर्षं नोंद का झाली नाही याचं उत्तर इथे होतं. नोंद करायची तर बहिणींची नावं लागणार, म्हणून भावांनी नोंदच पुढे ढकलली. हे एकाच घरातलं नव्हतं. बुधवारी येणाऱ्या दर दुसऱ्या फायलीत हेच निघायचं, आणि त्या ढकलण्यात नुकसान कुणाचं, तर मागे शेतात राहिलेल्या सुनेचं.

थोरल्या नणंदबाई कागल तालुक्यात दिलेल्या. त्यांना आणायला दादा स्वतः गेले. जुन्या कन्नड कागदावर त्यांच्या नावापुढे 'व्वा', महाराष्ट्राच्या आधारवर 'बाई'. दोन्ही एकच बाई आहे हे सिद्ध करायला प्रतिज्ञापत्र लागलं. त्यासाठी दोन फेऱ्या, दोन दिवसांची मजुरी बुडाली. नणंदबाईंनी सही करताना दादांना सांगितलं, "मला जमीन नको, पण माझं नाव कागदावर ऱ्हाऊ दे." नाव राहिलं.

वाट्याच्या जमिनीचं काय झालं

इथे आम्ही मागे हटलो. ते जसं झालं तसं लिहितो.

वैनींचा दीड एकराचा प्रश्न वारसनोंदीने सुटत होता. वाट्याच्या अर्ध्या एकराचा नाही. कर्नाटकात १ मार्च १९७४ पासून शेतजमीन कुळाने किंवा खंडाने देणं जवळपास पूर्ण बंद आहे. तो कायदा कुळांना जमीन देण्यासाठी होता आणि त्याने हजारो घरांना जमीन दिलीही. पण कायद्याने बंद म्हणजे शेतात बंद असं झालं नाही. वाटा तोंडी चालतो. वाटेकऱ्याचं नाव कुठेही लिहिलं की मालकाच्या पोटात गोळा येतो, 'उद्या कूळ लागलं तर?' पीक पाहणीतही म्हणून मालकाचंच नाव जातं.

भूमिकेच्या पानाच्या माझ्या मसुद्यात पाचवं कलम होतं. जो कसतो त्याच्या पिकाची भरपाई त्यालाच मिळावी, त्यासाठी मालकी हक्काला धक्का न लावता वेगळी नोंद असावी. दादांना ते पटलं होतं. पण माळावरच्या जमिनीचे बरेच मालक काठावर राहतात आणि दादांचे पाठीराखे आहेत. बैठकीत एकाने सरळ सांगितलं, हे कलम राहिलं तर आम्ही बसतो घरी. दादांनी रात्रभर विचार केला आणि सकाळी मला सांगितलं, "आत्ता काढ."

मी काढलं. पर्याय म्हणून नाबार्डच्या संयुक्त जबाबदारी गटाची कल्पना मांडली. चार-पाच वाटेकऱ्यांचा गट एकमेकांची हमी घेतो, उतारा न देता पीककर्ज मिळू शकतं. सोसायटीच्या संचालक मंडळासमोर दादांनी ती ठेवली. मंडळाने वसुलीची भीती सांगून ती बाजूला ठेवली.

निष्पन्न

फेब्रुवारीअखेर दोन गावांतून २६ फायली नाडकचेरीत गेल्या. ११ नोंदी झाल्या, त्यात वैनींची एक. ९ हरकतीत अडकल्या, बहुतेक भावाभावांच्या. ६ परत आल्या, नावांच्या स्पेलिंगसाठी. ११ जणांचा फ्रूट्स क्रमांक निघाला. वारसाने जमीन आल्याच्या अपवादाखाली त्यांनी पीएम-किसानचे अर्ज भरले. वैनी सोसायटीच्या सभासद झाल्या. ज्या मंडळाने गटाची कल्पना बाजूला ठेवली त्याच मंडळाने त्यांचा अर्ज एका बैठकीत मंजूर केला, कारण आता उतारा होता.

कन्नड गावातून दादांना पहिल्यांदाच सभेचं बोलावणं आलं. काठावरचे दोन मोठे ऊसवाले मात्र दुसऱ्या बाजूला गेले. मतांचा हिशेब पुढे काय होईल ते मी इथे लिहीत नाही. ग्रुपवर चित्रफिती टाकणारा सभासद आता बुधवारी शाळेत मामांशेजारी बसून आधारच्या झेरॉक्स लावतो.

दादांच्या भाषणातून 'अनुदान म्हणजे भीक' हे वाक्य गेलं. 'दुप्पट करा' हेही गेलं. चुलत्यांची घोषणा त्यांनी सोडलेली नाही, ती ते तंबाखूच्या आणि उसाच्या भावाबद्दल म्हणतात. मदतीबद्दल बोलताना वेगळा शब्द वापरतात, 'वाटणी'.

आज पुन्हा करायचं झालं तर

पहिली चूक माझी. मी भूमिका तत्त्वापासून लिहायला घेतली. कुठलं अनुदान काय मागतं ते पान पहिल्या दिवशी झालं असतं तर तीन रात्रींची बैठक एका रात्रीत आटोपली असती, आणि काठावर 'दुप्पट' बोललंच गेलं नसतं.

दुसरं, नावांच्या फरकाचं काम आधी करायला हवं होतं. 'व्वा' आणि 'बाई', कन्नड लिपीतून इंग्रजीत जाताना बदललेलं आडनाव, हे सीमाभागात दर घरात आहे. सगळ्या फायलींचे आधार आणि जुने उतारे एका दिवशी समोर ठेवून तपासले असते तर त्या ६ फायली परत आल्या नसत्या.

तिसरं, बहिणींना शेवटी बोलावलं. त्यांना पहिल्या बुधवारी बोलावायला हवं होतं. भावांनी वर्षानुवर्षं ज्या गोष्टीला घाबरून नोंद टाळली, ती बहिणींना समोर बसवून विचारली तेव्हा निम्म्याहून जास्त घरांत तासाभरात मिटली.

पाचव्या कलमाबद्दल माझं आणि दादांचं अजून एकमत नाही. ते म्हणतात, कलम ठेवलं असतं तर मालकांनी वाटेकऱ्यांना त्याच हंगामात जमिनीवरून काढलं असतं, आणि नुकसान वैनींचंच झालं असतं. ही भीती खोटी नाही. माझं म्हणणं, ते मालकांच्या बैठकीत ठेवण्याआधी वाटेकऱ्यांच्या बैठकीत ठेवायला हवं होतं. आम्ही उलट केलं. ज्यांच्यासाठी कलम होतं त्यांना ते कधी वाचूनही दाखवलं नाही.

नोंद झाल्यावर वैनी पेढे घेऊन आल्या, आणि जाताना दारात थांबून त्यांनी विचारलं, "त्या अर्ध्या एकराचं काय हो?" दादा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला तालुक्याच्या बँकेत चौकशी करायला पाठवलं. वैनी आणि आणखी चार वाटेकरी बायका असा पाच जणींचा गट बांधायचं ठरलं आहे. उन्हाळी भुईमूग निघाला की, खरिपाच्या पेरणीआधी बँकेत जायचं आहे. दादा सोबत येणार आहेत. मालकांना ते आधी सांगायचं की नंतर, यावर बुधवारी शाळेत बोलणं आहे, आणि यावेळी त्या पाचही जणी बैठकीला असणार आहेत.